व्हिंटेज आवाजासाठी सिंगल कॉइल गिटार: निवडीचा क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

नवी सिंगल कॉइल गिटार, म्हणजे जिच्या पिकअपमध्ये (तारांचा कंप विजेत बदलणारा भाग) बारीक तारेचं एकच वेटोळं असतं ती, घरी आली की महिन्याभरात दोन तक्रारी सुरू होतात: "आवाज पातळ आहे" आणि "सारखी भुणभुणते". गिटार खराब निघाली असं फार क्वचित होतं. निवडीचा क्रम उलटा झालेला असतो. आधी रंग, मग ब्रँड, मग पिकअपचं नाव, आणि आवाज सगळ्यांत शेवटी, तोही डिस्टॉर्शन लावून ऐकलेला. नाशिकच्या घेणाऱ्यांसाठी हा लेख त्या क्रमाचा आहे.

एक गोष्ट आधीच पक्की करून घ्या. जुना (व्हिंटेज) आवाज कमी ताकदीच्या पिकअपमधून येतो. कॉइलला वेढे कमी असले की वरच्या पट्टीतले सूर मोकळे राहतात आणि बोटांचा हलका-जड स्पर्श अँपपर्यंत पोचतो. "हॉट", "हाय आउटपुट" असे शब्द पिकअपवर दिसले की तुम्ही विरुद्ध दिशेला निघालात असं समजा.

टप्पा १: निघण्यापूर्वीची तयारी

सोबत हे सामान घ्या:

- स्वतःची ३ ते ५ मीटरची केबल
- कॅपो
- अर्ध्या मिलिमीटरच्या खुणा असलेली स्टीलची पट्टी
- डिजिटल मल्टिमीटर
- रोजचं प्लेक्ट्रम
- मोबाइलवर ट्यूनर

केबल स्वतःचीच हवी, कारण लांबी वाढली की केबलची कपॅसिटन्स वाढते आणि तीक्ष्ण सूर कमी होतात. दुकानातल्या दहा मीटरच्या केबलवर मऊ वाटलेली गिटार घरच्या तीन मीटरच्या केबलवर कर्कश वाटू शकते.

पैशांचे दहा भाग पाडा. सहा गिटारला, तीन अँपला, एक केबल, तारा आणि सेटअपला. सगळे पैसे गिटारवर घालून ती मोबाइलच्या स्पीकरवर ऐकणाऱ्याला व्हिंटेज आवाज कधीच सापडत नाही.

हवं ते मॉडेल नाशिकच्या दुकानात प्रत्यक्ष मांडलेलं असेलच असं नाही. आगाऊ रक्कम देऊन न पाहता मागवण्याआधी मुंबईची एक फेरी करा. सकाळी नाशिकरोडहून पंचवटी एक्सप्रेसने गेलं की धोबी तलाव भागातली वाद्यांची दुकानं सीएसएमटीपासून चालत गाठता येतात, आणि संध्याकाळी तीच गाडी परत आणते. घ्यायची नसली तरी तीन-चार गिटारी एका दमात हातात येतात. ऑनलाइन व्हिडिओ कितीही पाहिले तरी तो अनुभव मिळत नाही.

टप्पा २: आधी कूळ ठरवा, मग मॉडेल

सगळे सिंगल कॉइल एकसारखे नसतात. इथे घाई केली तर पुढचे टप्पे वाया जातात.

फेंडरची स्ट्रॅटोकॅस्टर (स्ट्रॅट), १९५४ पासून. तीन पिकअप, प्रत्येकात सहा अल्निको (अल्युमिनियम-निकेल-कोबाल्ट) चुंबकांच्या कांड्या आणि त्यांभोवती ४२ गेजची तार. रेझिस्टन्स साधारण ५.६ ते ६.५ किलोओहम. आवाज स्वच्छ आणि घंटेसारखा. दोन पिकअप एकत्र लावलेल्या मधल्या जागांवर पोकळ, चमकदार सूर मिळतो. जुन्या हिंदी गाण्यांची साथ, ब्लूज, फंक यांना ही सोयीची.

फेंडरचीच टेलिकॅस्टर (टेली), हे नाव १९५१ पासून. ब्रिज पिकअप (तारांच्या बॉडीकडच्या टोकाजवळचा) स्ट्रॅटपेक्षा मोठा असतो आणि त्याच्या तळाला धातूची पट्टी असते. ब्रिजच्या लोखंडी प्लेटमुळे आवाजाला धार येते. नेक पिकअपवर धातूचं झाकण आणि आत आणखी बारीक, ४३ गेजची तार, म्हणून तो गोल आणि मवाळ वाजतो. ब्रिज पिकअप सुरुवातीला बोचरा वाटला तर टोन नॉब ७ वर आणा आणि मग मत बनवा.

पी-९०, गिब्सनने १९४६ मध्ये आणलेला. कॉइल रुंद, वेढे सुमारे १०,०००, कांड्यांऐवजी स्टीलचे स्क्रू आणि खाली दोन चपटी चुंबकं. रेझिस्टन्स साधारण ७.५ ते ८.५ किलोओहम. मध्यम पट्टी भरदार, अँप थोडा वाढवला की गुरगुर सुरू. "सिंगल कॉइल पातळ असतो" असं वाटणाऱ्या बऱ्याच जणांना खरं तर हाच आवाज हवा असतो. तो स्ट्रॅटमधून काढण्याचा प्रयत्न करू नका. भुणभुणही याची सगळ्यांत मोठी असते, हे लक्षात ठेवा.

जॅझमास्टर आणि लिपस्टिक पिकअपची कुळं वेगळी आहेत. पहिल्याच गिटारसाठी त्यांच्या वाटेला जाऊ नये.

सावधान: हंबकरची (दोन कॉइलच्या, भुणभुण दाबणाऱ्या पिकअपची) गिटार घेऊन "कॉइल स्प्लिट करता येतं" या आश्वासनावर समाधान मानू नका. स्प्लिट केल्यावर उरणारी हंबकरची एक कॉइल कमी वेढ्यांची असते आणि चुंबकाची रचनाही निराळी. आवाज बारीक होतो, पण स्ट्रॅट होत नाही. यामाहा पॅसिफिका ११२व्ही चांगली गिटार आहे. तिचे नेक आणि मधला पिकअप खरे सिंगल कॉइल आहेत, ब्रिजला मात्र हंबकर आहे. ब्रिजचा टेली आवाज हवा असेल तर ती तुमची नाही.

टप्पा ३: स्पेसिफिकेशनची छाननी

दुकानात जाण्याआधी कंपनीच्या पानावर चार ओळी शोधा.

पहिली ओळ चुंबकाची. "अल्निको" हवं. स्वस्त सिंगल कॉइलमध्ये कांड्या स्टीलच्या असतात आणि तळाला सिरॅमिकची पट्टी चिकटवलेली असते. स्टीलमुळे कॉइलचा इंडक्टन्स वाढतो आणि ज्या पट्टीत चमक असते ती खाली सरकते. वाजायला वाईट नाही, पण तो आवाज हा नव्हे. स्क्वायरच्या (फेंडरचा स्वस्त ब्रँड) सोनिक आणि अफिनिटी मालिकेच्या स्ट्रॅटमध्ये सिरॅमिक पिकअप येतात, क्लासिक व्हाइबमध्ये अल्निको. कमी बजेटमध्ये हा एकच फरक सगळ्यांत जास्त ऐकू येतो.

दुसरी ओळ फिंगरबोर्डच्या गोलाईची. जुनी पद्धत ७.२५ इंच, हल्लीची ९.५ इंच. ७.२५ वर कॉर्ड हाताला आरामदायी लागतात, पण तारा खाली ठेवून मोठे बेंड (तार ओढून सूर चढवणं) घेतले की सूर मध्येच मरतो. बेंड करणाऱ्याने ९.५ घ्यावं. गोलाईचा पिकअपच्या आवाजाशी संबंध नाही, त्यामुळे इथे जुनेपणाचा हट्ट धरण्यात अर्थ नाही.

तिसरी ओळ ट्रस रॉडची, म्हणजे नेकच्या आतल्या, तिचा बाक बदलणाऱ्या धातूच्या दांड्याची. नाशिककरांनी इथे विशेष लक्ष द्यावं. जुन्या पद्धतीच्या हुबेहूब प्रतींमध्ये ट्रस रॉडचा नट नेकच्या टाचेला, बॉडीच्या बाजूला असतो. तो फिरवायला तारा सैल करून नेक उघडावी लागते. आपल्याकडे पावसाळ्यात हवा दमट आणि डिसेंबर-जानेवारीत कोरडी, त्यामुळे नेकचा बाक वर्षातून दोनदा तरी बघावा लागतो. हेडस्टॉकच्या बाजूने फिरणारा ट्रस रॉड असेल तर ते पाच मिनिटांचं काम.

चौथी ओळ कांड्यांच्या उंचीची. जुन्या स्ट्रॅटमध्ये त्या कमीजास्त उंचीच्या असत, कारण त्या काळी तिसरी तार गुंडाळलेली होती. आज तिसरी तार साधी असते, म्हणून उंच कांडीवर ती इतर तारांपेक्षा मोठ्याने वाजते. कांड्या सपाट किंवा नव्या मापाच्या असतील तर ही अडचण येत नाही.

टप्पा ४: अँपला जोडण्याआधी

केबल लावण्याची घाई करू नका. गिटार ट्यून करा आणि न जोडता दहा मिनिटं वाजवा. सिंगल कॉइल काही लपवत नाही. लाकडात आणि तारेत जे असेल तेच अँपमध्ये मोठं होऊन येतं.

१. प्रत्येक फ्रेटवर प्रत्येक तार वाजवा. कुठे खडखड, कुठे मेलेला सूर, याची नोंद ठेवा.

२. पहिल्या फ्रेटवर कॅपो लावा, सहावी तार शेवटच्या फ्रेटवर दाबा आणि सातव्या-आठव्या फ्रेटवर तार आणि फ्रेट यांतली फट बघा. पाव मिलिमीटरच्या आसपास हवी. फट अजिबात नसेल किंवा पाऊण मिलिमीटर असेल तर दुकानदाराला तिथेच ट्रस रॉड फिरवायला सांगा. फिरतच नसेल तर गिटार परत ठेवा.

३. कॅपो काढून सतराव्या फ्रेटवर तारांची उंची मोजा. ७.२५ गोलाईला सहाव्या तारेखाली २ मिमी आणि पहिल्या तारेखाली १.६ मिमी, तर ९.५ ला दोन्हीकडे १.६ मिमीच्या आसपास.

४. बारा ते सतरा फ्रेटमध्ये पहिली आणि दुसरी तार पूर्ण एका सुराने ओढा. सूर अर्ध्यात तुटायला नको.

५. नेकच्या कडेवरून बोट फिरवा. थंडीत लाकूड आकसलं की फ्रेटची टोकं बाहेर येऊन टोचतात. पावसाळ्यात ठीक वाटलेली नेक जानेवारीत टोचू शकते, म्हणून जुलैत खरेदी करत असाल तर टोकं घासून गोल केलेली आहेत का ते आताच बघा.

तपासा: ट्रेमोलोचा दांडा खाली दाबून सोडल्यावर तिसरी तार सुरात परत येते का? येत नसेल तर बहुधा नटच्या (हेडस्टॉकजवळच्या, तारा टेकणाऱ्या पट्टीच्या) खाचेत तार अडकते आहे. हे दुरुस्त होतं, पण भाव करताना बोलून दाखवा.

टप्पा ५: स्वच्छ अँपवर ऐकणं

अँप क्लीन चॅनलवर. बास, मिडल, ट्रेबल मधोमध. रिव्हर्ब आणि इफेक्ट बंद. रिव्हर्बमध्ये कुठलीही गिटार गोड वाटते, म्हणून तो आधी बंद.

गिटारचे सगळे नॉब १० वर ठेवा आणि एकच ओळ प्रत्येक स्विच-जागेवर वाजवा. मग व्हॉल्यूम ६ वर आणून तीच ओळ. आवाज थोडा लहान आणि गोलसर व्हावा, पण घोंगडीखाली गेल्यासारखा होऊ नये. तसं झालं तर केबल फार लांब आहे का, ते आधी बघा. सिंगल कॉइलला २५० किलोओहमचे पॉट (नॉबखालचे बदलते रेझिस्टर) ही रूढ जोडी आहे. ५०० चे असतील तर आवाज टोचरा होतो. पी-९० ला मात्र ५०० चालतात.

पुढे हलक्या हाताने आणि मग जोराने वाजवा. चांगला कमी ताकदीचा पिकअप इथे बोलतो: हलक्या हाताला स्वच्छ, जोराला कडक. दोन्ही एकसारखं ऐकू आलं तर पिकअप फार ताकदीचा आहे किंवा तारांच्या फार जवळ आहे. दुसरं कारण जास्त वेळा निघतं.

तपासा: बाराव्या फ्रेटच्या वर सहाव्या तारेवर सूर डळमळतो का, एका सुरात दोन सूर भांडत असल्यासारखे वाटतात का? तसं असेल तर चुंबक तारेला ओढत आहेत. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून कांडी आणि तार यांतलं अंतर मोजा. व्हिंटेज पद्धतीच्या पिकअपला जाड तारेकडे २.४ मिमी आणि बारीक तारेकडे २ मिमी, ही सुरुवातीची मापं. दुकानात पिकअप खाली करून पुन्हा ऐका. "खराब इंटोनेशन" (फ्रेटवरचा सूर नीट न लागणं) म्हणून नाकारलेल्या अनेक स्ट्रॅटना एवढंच हवं असतं.

मधल्या जागांवर दोन पिकअप एकत्र लावल्यावर आवाज नाकातून आल्यासारखा, बास पूर्ण गेलेला वाटला तर एक पिकअप उलट्या फेजमध्ये (दोघांचे आवाज एकमेकांना खोडतील असा) जोडलेला आहे. नव्या गिटारमध्ये हे क्वचित, पिकअप बदललेल्या वापरलेल्या गिटारमध्ये पुष्कळदा.

टप्पा ६: भुणभुणीची कसोटी

सिंगल कॉइल भुणभुणणारच. प्रश्न आहे तो कोणत्या प्रकारची भुणभुण आणि किती, हा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून पिकअपमधून येणारी गुणगुण ५० आणि १०० हर्ट्झला जास्त ऐकू येते. सहाव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरचा सूर ९८ हर्ट्झचा असतो. गुणगुण त्याच्याशी जुळत असेल तर ती विजेची.

१. गिटार धरून जागेवरच गोल फिरा. एखाद्या दिशेला गुणगुण जवळजवळ नाहीशी झाली तर ती हवेतल्या चुंबकीय क्षेत्राची, म्हणजे नैसर्गिक. ट्रान्सफॉर्मर, डिमर, चार्जर, इन्व्हर्टर यांच्यापासून निदान दीड-दोन मीटर दूर बसा.

२. तारांवर हात ठेवा. खरखर कमी झाली तर गिटारचं ग्राउंडिंग ठीक आहे. काहीच फरक पडला नाही तर ब्रिजची ग्राउंड वायर तुटली असावी. हात लावल्यावर खरखर वाढली तर सॉकेटचं अर्थिंग तपासा.

३. स्विच दोन पिकअप एकत्र लागतात अशा जागी न्या. आधुनिक स्ट्रॅटमध्ये मधला पिकअप उलटा गुंडाळलेला असतो, त्यामुळे तिथे गुणगुण दबते. पन्नाशीच्या दशकाच्या हुबेहूब प्रतींमध्ये ती दबत नाही. हा दोष नव्हे, पण स्टेजवर वाजवणार असाल तर आधीच कळलेलं बरं.

दुकानात शांत वाटलेली गिटार घरी ओरडते, याचं एक मोठं कारण घरचा इन्व्हर्टर. साध्या इन्व्हर्टरची वीज चौकोनी लाटेची असते आणि त्यातून खरखर पसरते. वीज गेली असताना रियाज करणाऱ्यांनी गिटारला दोष देण्यापूर्वी इन्व्हर्टर बंद करून बॅटरीवर चालणाऱ्या छोट्या अँपवर ऐकावं. गणेशोत्सवाच्या मांडवात किंवा कालिदास कलामंदिरात वाजवायचं असेल तर साउंडचेक दिवे चालू ठेवूनच घ्या. दिवे बंद असताना मिळालेली शांतता कार्यक्रमात टिकत नाही.

सावधान: तारांना हात असताना माइकला ओठ लागून झिणझिण्या आल्या तर वाजवणं लगेच थांबवा. जुन्या वाड्यांमधल्या आणि तात्पुरत्या मांडवातल्या सॉकेटना अर्थिंग नसू शकतं. गुणगुण जावी म्हणून प्लगची तिसरी पिन कधीही तोडू नका. जीव जाऊ शकतो.

तांब्याची टेप लावून शील्डिंग केलं की खरखर कमी होते, गुणगुण नाही. दोन्ही वेगळ्या आहेत. शील्डिंगवर पैसे घालण्याआधी तुमची कोणती आहे ते वरच्या पहिल्या दोन कसोट्यांनी ठरवा.

टप्पा ७: मल्टिमीटर

केबल गिटारला लावा, दुसरं टोक मोकळं. नॉब १० वर, मीटर २० किलोओहमवर. एक टोक प्लगच्या शेंड्याला, दुसरं प्लगच्या दांड्याला. एकेका पिकअपवर आकडा घ्या.

आकडा पिकअपच्या खऱ्या रेझिस्टन्सपेक्षा थोडा कमी येतो, कारण व्हॉल्यूमचा पॉट समांतर असतो. ६ किलोओहमचा पिकअप २५० च्या पॉटमागून ५.८६ दिसतो. मधल्या जागेवर दोन पिकअप समांतर आले की साधारण निम्मा, तीनच्या जवळ. मीटर काहीच दाखवत नसेल किंवा २०० किलोओहमच्या पुढे जात असेल तर कॉइल तुटली आहे. अशी तुटलेली कॉइल कधीकधी पूर्ण गप्प नसते, बारीक, बासविरहित आवाज देत राहते आणि घेणारा तोच "व्हिंटेज" समजतो.

तापमानाचा हिशेब ठेवा. तांब्याचा रेझिस्टन्स दर अंशाला सुमारे ०.३९ टक्के वाढतो. २० अंशांना ६.० दाखवणारा पिकअप मे महिन्यात ४० अंशांच्या दुपारी ६.४७ दाखवेल. विक्रेत्याने हिवाळ्यात सांगितलेला आकडा उन्हाळ्यात जुळला नाही म्हणून त्याला खोटं ठरवू नका.

आणि आकड्यावरून आवाज ठरवू नका. तारेची जाडी बदलली की वेढे तेवढेच असूनही आकडा बदलतो. मीटर एवढंच सांगतो की कॉइल शाबूत आहे आणि ढोबळमानाने तिच्या कुळातली आहे. स्ट्रॅटचा पिकअप ९ किलोओहम दाखवत असेल तर तो व्हिंटेज नाही, एवढा निष्कर्ष मात्र काढता येतो.

टप्पा ८: वापरलेली गिटार असेल तर

अँप असलेल्या घरातच भेटा. पिकगार्डच्या स्क्रूंच्या खाचा झिजलेल्या असतील तर ते उघडलं गेलं आहे. आत बघायची परवानगी मागा. स्ट्रॅटच्या पिकअपच्या तळाला आडवी पट्टी दिसली तर सिरॅमिक, फक्त कांड्यांची टोकं दिसली तर अल्निको. पॉटवर ए२५०के किंवा बी२५०के असा छाप शोधा.

मालकाने नाही म्हटलं तर तो अधिकार त्याचा, पण मग भाव मूळ पिकअपचा देऊ नका.

टप्पा ९: घरी आणल्यावर

कुरिअरने आली असेल तर खोका उघडताना व्हिडिओ काढा आणि एक दिवस खोलीत राहू द्या. मगच नेकला हात लावा.

पहिल्या आठवड्यात पिकअप बदलायचा विचार मनात आणू नका. क्रम असा: नव्या तारा, मग नेकचा बाक, तारांची उंची, इंटोनेशन, आणि शेवटी पिकअपची उंची. तारा शुद्ध निकेलच्या घ्या, १०-४६. निकेल प्लेटेड स्टीलच्या तारांपेक्षा त्या मऊ वाजतात आणि जुन्या आवाजाच्या जवळ नेतात. खर्च एका जोडाचा, फरक पिकअप बदलल्याएवढा जाणवू शकतो.

पिकअपची उंची बदलताना एका वेळी अर्धा फेरा. तीनही पिकअपचा आवाज सारखा होईपर्यंत ब्रिजचा तारांच्या थोडा जवळ, नेकचा दूर. नेकपाशी तार जास्त हलते म्हणून तो आपोआप मोठा वाजतो.

सावधान: स्क्रूड्रायव्हर कांड्यांजवळ नेताना घट्ट धरा. चुंबक तो ओढतो आणि टोक कॉइलवर आपटलं की तार तुटते. फ्रेट स्टील वूलने घासणार असाल तर पिकअप मास्किंग टेपने पूर्ण झाका. लोखंडाचा चुरा कांड्यांना चिकटला की निघत नाही.

मे महिन्यात गिटार बंद गाडीत ठेवू नका. बरेच पिकअप मेणात बुडवलेले असतात. मेण मऊ झालं की वेढे सैल होतात आणि अँप वाढवल्यावर पिकअप शिटी मारतो. झाकणावर नखाने टकटक केल्यावर मोठा टक्क आवाज आला तर मेण कमी आहे हे कळतं. खरेदीच्या वेळीही ही टकटक करून बघावी.

एवढं करूनही आवाज पटला नाही तरच नवे पिकअप. बदलताना टेलीच्या नेक पिकअपकडे विशेष लक्ष द्या. त्याचं धातूचं झाकण ग्राउंडच्या वायरला आतून जोडलेलं असतं. फेज जुळवण्यासाठी दोन वायर नुसत्या अदलाबदल केल्या तर झाकण सिग्नलच्या (हॉट) बाजूला जातं आणि हात लागताच भुणभुणतं. आधी तो आतला जोड तोडून झाकणाला स्वतंत्र ग्राउंड वायर द्या.

तुटलेली कॉइल गुंडाळून घ्यायला सातपूर-अंबडच्या मोटर वाइंडिंगवाल्याकडे नेऊ नका. ते काम उत्तम करतात, पण ते जाड तारेचं आणि ताण देऊन केलेलं असतं. पिकअपची ४२ एडब्ल्यूजी तार म्हणजे सुमारे ०.०६३ मिमी, आपल्याकडच्या एसडब्ल्यूजी मापात साधारण ४६. ती किंचित जास्त ओढली तरी तुटते, कमी ओढली तर सैल राहते. पिकअप गुंडाळणाऱ्या कारागिराकडेच पाठवा, आणि पाठवण्याआधी कांड्यांची दिशा आणि तारेच्या वेढ्यांची दिशा कागदावर लिहून सोबत द्या, नाहीतर परत आल्यावर फेजचा प्रश्न पुन्हा पहिल्यापासून सोडवावा लागेल.